पोस्टर कमी, दुकान जास्त: सोलापुरातल्या धंद्यासाठी साध्या मोबाईलवरून खऱ्या पोस्ट कशा टाकायच्या

सोलापुरातल्या कुठल्याही चादरीच्या नाहीतर चटणीच्या दुकानाचं पेज उघडून बघा, दहातल्या सात-आठ पोस्ट शुभेच्छांच्या असतात. वर सणाचं नाव, खाली मालकांचा फोटो, कोपऱ्यात लोगो, आणि मध्ये "आमच्याकडे सर्व प्रकारच्या चादरी, टॉवेल, बेडशीट योग्य दरात मिळतील". पुण्यातली एखादी ताई लग्नाच्या आहेरासाठी वीस चादरी घ्यायच्या म्हणून हे पेज बघत असेल तर तिच्या हाताला यातून काय लागतंय? चादर केवढी, जाडी किती, रंग जातो का, भाव काय, पुण्याला पाठवता का, यातलं एकही नाही. ती पुढं सरकते आणि दुसऱ्या कुणाकडून घेते, कधीकधी तर सोलापूरची नसलेलीच चादर सोलापुरी म्हणून घेते. हे मला मनापासून लागतं, कारण आपल्याकडं माल आहे, कारखाने आहेत, दाखवण्यासारखं इतकं आहे की महानगरातल्या ब्रँडला पैसे टाकून सेट उभा करावा लागतो ते आपल्या दारातच चालू असतंय. म्हणून ही सगळी पद्धत नीट लिहून काढतोय. कॅमेरा, लाईट, डिझायनर काही लागत नाही, खिशातला मोबाईल पुरतो.

आधी वही घ्या, मोबाईल नंतर

पोस्ट काय टाकायची हे सुचत नाही असं सगळे म्हणतात. सुचायची गरजच नाही. गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि आठवडाभर गिऱ्हाईक जे विचारतंय ते त्याच्याच शब्दांत लिहा. "पैल्या धुण्यात रंग जातंय का ओ?" "दोघांना पुरतंय का?" "मशिनमधी टाकलं तर चालतंय?" "टॉवेल नवीन आहे तर पाणी का पीत नाही?" "चटणी प्रवासात किती दिवस टिकंल?" फोनवर विचारलेलं, व्हॉट्सॲपवर विचारलेलं, दारात उभं राहून विचारलेलं, सगळं. आठवड्यानं वही उघडा, पंधरा-वीस प्रश्न नक्की निघतात, आणि एकेक प्रश्न म्हणजे एकेक पोस्ट. विषय संपला.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न सुधारून लिहायचा नाही. "कलर फास्टनेसबद्दल माहिती" असं लिहिलं की ते कंपनीचं झालं, "रंग जातंय का" असं लिहिलं की बघणाऱ्याला वाटतं हे मीच विचारणार होतो.

भाव लिहा

सगळ्यात जास्त वाद इथं होतो म्हणून हे आधीच सांगतो. "भावासाठी मेसेज करा" हे वाक्य बंद करा. दुकानदाराला भीती असते की शेजारचा बघेल, किंवा ठोकवाला बघेल आणि म्हणेल मला कमी करा. शेजारच्याला तुमचा भाव आधीच माहिती असतो ओ, चाटी गल्लीत काय किंवा नव्या पेठेत काय, कुणाचा भाव कुणापासून लपलाय? लपतो तो फक्त नागपूर-नाशिकच्या गिऱ्हाइकापासून. किरकोळ भाव सरळ लिहा, खाली एक ओळ टाका की ठोक खरेदीला वेगळा दर, फोन करा. भाव बदलत असेल, सुताचा दर वरखाली होतो म्हणून, तर पोस्टमध्ये तारीख लिहा, "आजचा भाव" म्हणा. भाव लिहिल्यावर मेसेज कमी येतील पण जे येतील ते घ्यायच्या तयारीतले असतील, दिवसभर "प्राईज प्लीज"ला उत्तरं देत बसायला नको.

कुरियरचा खर्चही लिहा, तो कुणीच लिहीत नाही. चादरीला वजन असतंय, त्यामुळं पाठवणीचा खर्च ऐकून गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी मागं फिरतं. आधीच सांगितलं की एक चादर पाठवायला एवढे आणि पाच एकत्र घेतल्या तर एवढे, तर पाच घेणारा स्वतःहून तयार होतो.

आता शूटिंग

पहिली गोष्ट, लेन्स पुसा. मागाच्या शेडमध्ये सुताचे बारीक तंतू हवेत उडत असतात, चटणीवाल्याच्या हाताला तेल असतं, आणि तोच हात मोबाईलला लागतो. व्हिडिओ धुरकट येतो आणि माणूस म्हणतो मोबाईल जुना झालाय. मऊ सुती कापडानं पुसा, फरक लगेच दिसतो.

दुसरं, उजेड. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली रंग खोटा दिसतो, आणि काही मोबाईलमध्ये व्हिडिओवर आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि मोबाईलची फ्रेम तिच्याशी जुळत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर किंवा अँटीबँडिंग असा पर्याय असेल तर ५० हर्ट्झ ठेवा, नसेल तर माल दाराजवळ आणा. दाराचा उजेड एका बाजूनं पडला की चादरीची वीण, टॉवेलचे लूप, कडक भाकरीवरचे पोपडे सगळं उठून दिसतं. फक्त उन्हाळ्यात दुपारचं थेट ऊन टाळा, एप्रिल-मेचं सोलापूरचं ऊन पांढऱ्या टॉवेलवर पडलं की त्याचा नुसता पांढरा डाग होतो. सकाळी दुकान उघडल्या-उघडल्याची वेळ सगळ्यात चांगली, गिऱ्हाईकही कमी असतंय.

तिसरं, रंग. कापडाच्या धंद्यात याच्याइतकं महत्त्वाचं काही नाही. मोबाईल रंग भडक करतो, मरून लाल दिसतो, बाटलीचा हिरवा पोपटी दिसतो. फिल्टर बंद, ब्युटी मोड बंद. चादरीशेजारी एक साधा पांढरा टॉवेल ठेवा, तो व्हिडिओत पांढरा दिसला तर बाकीचे रंगही बऱ्यापैकी खरे आलेत, पिवळा किंवा निळा दिसला तर जागा बदला. मग स्क्रीन आणि हातातली चादर शेजारी धरून बघा, तरीही फरक असेल तर कॅप्शनमध्ये सरळ लिहा, "फोटोत थोडा भडक दिसतोय, हातात घेतल्यावर याहून गडद आहे." या एका ओळीनं परत येणारा माल कमी होतो.

चौथं, आवाज. मागाच्या शेडमध्ये उभं राहून बोललं तर एक अक्षर कळत नाही. दोन तुकडे करा: शेडमध्ये फक्त मागाचा व्हिडिओ घ्या, न बोलता, तो खडखडाट तसाच राहू द्या, मग बाहेर येऊन, गोदामात किंवा घरात, मोबाईल तोंडाजवळ धरून बोलणं वेगळं रेकॉर्ड करा आणि इन्स्टाग्रामच्याच एडिटरमध्ये व्हॉइसओव्हर म्हणून लावा, खाली मागाचा आवाज बारीक ठेवा. सिनेमाचं गाणं शोधत बसू नका. एक तर बिझनेस अकाउंटला बरीच गाणी मिळतच नाहीत, हक्कांचा प्रश्न असतो, आणि मागाचा आवाज, उखळात शेंगदाणे कुटल्याचा आवाज, कापडावर फिरणाऱ्या कात्रीचा आवाज हे तुमच्याकडेच आहे, दुसऱ्याकडे नाही.

मोबाईल उभा धरा. रील लांबही करता येते, पण सुरुवातीला अर्ध्या मिनिटात एका प्रश्नाचं उत्तर, एवढंच.

एक व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा वहीतला प्रश्न आहे "चादर उलटी वापरली तर चालते का?" सुरुवात "नमस्कार मित्रांनो, आमच्या पेजवर आपलं स्वागत आहे" अशी करायची नाही, तेवढ्यात माणूस पुढं गेलेला असतो. पहिल्याच सेकंदाला चादर हातात, काठ धरून उलटी करताय, आणि बोलताय, "ही बघा सुलट बाजू, मरूनवर पांढरा मोर. आता उलटी करतो, तोच मोर, पण रंग पालटले." मग मोबाईल जवळ न्या, बोटानं काठ दाखवा, अंगठ्यानं जाडी चेपून दाखवा. मग जॅकार्डचा माग, वरच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांच्या माळा फिरताना, दोन-तीन सेकंद, "ही नक्षी छापलेली नाही, या पत्त्यांवरनं विणलेली आहे, म्हणून दोन्हीकडं येते." शेवटी साइज, वजन, भाव. झालं. यात कुठं शब्द अडखळला, मागून कुणी "मालक, चहा" म्हणालं, स्कूटरचा हॉर्न वाजला, तर राहू द्या. तुम्ही दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना हे सगळं होतच असतं आणि त्यानं कुणी उठून जात नाही.

पण साधं म्हणजे गबाळं नाही, ही रेघ पक्की ठेवा. भाव चुकीचा बोललात, आवाज ऐकूच येत नाही, रंग खोटा आलाय, मागं फरशीवर कचरा पडलाय, खाण्याच्या पदार्थावर माशी बसलीय, तर व्हिडिओ परत करायचा. बाकी कशासाठी परत करायचा नाही. दहा-दहा वेळा रिटेक घेतला की बोलणं पाठांतराचं होतं आणि पुढच्या वेळी मोबाईल हातात घ्यायचाच कंटाळा येतो.

चटणीवाल्यांसाठी हेच थोडं वेगळं. शेंगा भाजून कुटताना तेल सुटतं, चटणी ओलसर होऊन उखळाच्या कडेला चिकटते, तो क्षण जवळून घ्या, बाकी काही बोलायचीसुद्धा गरज नाही. नंतर पाकीट फिरवून पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या परवान्याचा, १४ अंकी नंबर दाखवा. बाहेरगावचं गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन मागं वळवून बघू शकत नाही, ते काम तुम्ही करून द्या.

एआयनं बनवलेले मालाचे फोटो वापरू नका. दिसायला झकास असतात, पण त्यातली चादर तुमच्या गोदामात नाही, आणि जी नाही ती दाखवून विकणं ही सरळ फसवणूक आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. मानांकनाचंही तसंच. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्याचा अभिमान जरूर सांगा, पण जीआयचा लोगो लावायचा तर त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंदणी पाहिजे. दुकानात बाहेरून आणलेला माल असेल तर तो बाहेरचा म्हणूनच दाखवा, स्वस्त आहे तर स्वस्त म्हणून विका.

भाषा

दुकानात जसं बोलता तसंच बोला. "उत्कृष्ट दर्जाची विस्तृत श्रेणी" असं कुणी गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणत नाही. आणि सोलापूरकरांकडं एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या दुकानदाराकडं नाही, आपल्यातल्या निम्म्या लोकांना तेलुगू नाहीतर कन्नड येतं, हिंदी तर सगळ्यांनाच. तोच चादरीचा व्हिडिओ घरात तेलुगू बोलणाऱ्या मावशींनी तेलुगूत सांगितला तर हैदराबादचं गिऱ्हाईक जवळ येतंय, कन्नडमधून सांगितला तर विजयपूर-कलबुर्गीचं. भाषांतर करून वाचायचं नाही, ज्याला जी येते त्यानं तीत बोलायचं.

व्हिडिओवर अक्षरं टाकताना मधल्या भागात टाका, अगदी खाली आणि उजवीकडं इन्स्टाग्रामची बटणं येतात, त्याखाली भाव झाकला जातो.

कुठं काय टाकायचं

इन्स्टाग्रामवर नवीन माणूस भेटतो, व्हॉट्सॲपवर ओळखीचा परत येतो, गुगल मॅपवर दारात आलेला सापडतो. तिन्हींची कामं वेगळी आहेत.

व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप घ्या, ते फुकट आहे. त्यात कॅटलॉगमध्ये माल भावासकट भरा, आणि वहीतल्या प्रश्नांची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये सेव्ह करा म्हणजे रात्री अकराला तेच तेच टाईप करावं लागत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये मेसेज त्यालाच जातो ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय, म्हणून बिल देताना "नंबर सेव्ह करा, नवीन डिझाईन स्टेटसला टाकतो" एवढं बोलायची सवय लावा. स्टेटस २४ तासांत जातं, तिथं बिनधास्त रोजचं टाका: आज गाठोडं सुटलं, आज या रंगाच्या एवढ्याच उरल्या, आज दुपारी दुकान बंद.

गुगलकडं आपल्याकडचे लोक फार दुर्लक्ष करतात आणि सोलापुरात तर ते करूच नये. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, तिन्हीकडं जाणारा भाविक सोलापुरात उतरतो किंवा गाडी थांबवून चादर घेतो. तो गाडीत बसून "सोलापुरी चादर" असं शोधतो. त्याला तुमची बोधवाक्यं नकोत, त्याला रस्त्यावरून दुकान कसं दिसतं तो फोटो हवा, शेजारी ओळखीची खूण काय, गाडी कुठं लावायची, रविवारी उघडं आहे का, रात्री किती वाजेपर्यंत. स्टँडवरून किंवा स्टेशनवरून चालत दुकानापर्यंतचा एक व्हिडिओ करा, वळणावर "इथनं डावीकडं" असं बोलत, आणि तो गुगलवर, इन्स्टाग्रामवर पिन करून आणि व्हॉट्सॲपच्या क्विक रिप्लायमध्ये असा तिन्हीकडं ठेवा. एकदाच करायचं काम आहे, वर्षभर चालतं.

कुणाला दाखवायचं, काय झाकायचं

साधं दाखवायचं म्हणजे सगळं दाखवायचं असं नव्हे. कारखान्यातल्या कामगारांना, विशेषतः बायकांना, आधी विचारा, आणि मालकानं विचारल्यावर "नको" म्हणणं अवघड जातं हे ध्यानात घेऊन विचारा. ज्यांना चेहरा नको त्यांचे हात दाखवा. कांडी भरणारे, काठ शिवणारे, घड्या घालणारे हात चेहऱ्याइतकंच सांगतात. ज्यांना आवडतं त्यांचं नाव घेऊन, त्यांच्याच तोंडून काम सांगू द्या.

पॅकिंगचे व्हिडिओ लोकांना आवडतात, पण त्यात कुरियरच्या लेबलवर गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर स्पष्ट दिसत असतो. व्हिडिओ आधी घ्या, लेबल नंतर चिकटवा. गिऱ्हाइकानं चांगला मेसेज पाठवला म्हणून स्क्रीनशॉट टाकताना नंबर, डीपी झाका आणि विचारून टाका. युनिफॉर्मवाल्यांनी मुलांना घालून फोटो काढण्यापेक्षा हँगरवर किंवा टेबलावर शर्ट पसरून शिवण, बटण, वाढवायला सोडलेला कपडा दाखवावा, शाळेचा बॅज झाकावा, आईबापांना तसंही शिवणच बघायची असते.

एखाद्या फूड ब्लॉगरला पैसे किंवा फुकट माल देऊन व्हिडिओ करून घेत असाल तर त्यानं ती जाहिरात आहे असं लिहायलाच पाहिजे, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे नियम २०२१ पासून हेच सांगतात. खोटे फॉलोअर, खोटे रिव्ह्यू यांच्या वाटेला जाऊ नका.

तक्रार आली तर

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, "तुमच्याकडनं घेतलेल्या चादरीचा रंग गेला". डिलीट करू नका. डिलीट केलेली कमेंट तो माणूस दुसरीकडं टाकतो आणि तिथं तुम्ही उत्तर द्यायला नसता. तिथंच खाली लिहा: "ताई, वाईट वाटलं. गडद रंग पहिल्या एक-दोन धुण्यात थोडा सुटतो, तेवढाच असेल तर काळजी नाही, पण दुसऱ्या कपड्यांना लागत असेल तर चादरीत दोष आहे, बदलून देतो. फोटो आणि बिल व्हॉट्सॲपवर पाठवा." आणि खरंच बदलून द्या. मग त्याच प्रश्नावर व्हिडिओ करा, बादलीत पाणी घेऊन चादरीचा कोपरा बुडवून किती रंग सुटतो ते दाखवा. एवढं उघडपणे दाखवणारा दुकानदार लोकांच्या लक्षात राहतो.

आठवड्याचं गणित

रोज रील टाकायचा हट्ट नको. आठवड्याला दोन-तीन रील आणि रोज एक स्टेटस, एवढं एका माणसाला धंदा सांभाळून जमतं. सोमवारी सकाळी वहीतले तीन प्रश्न निवडा, एकाच बैठकीत शूट करून घ्या. हंगाम धरून चाला: जानेवारीत गड्ड्याची जत्रा, मे-जूनमध्ये युनिफॉर्म, लग्नसराईत आहेराच्या चादरी-टॉवेल, आषाढीला वारी, थंडीच्या आधी जाड चादरी. गिऱ्हाईक खरेदीला निघायच्या तीन-चार आठवडे आधी त्याचे प्रश्न सुरू होतात, तेव्हाच उत्तर टाका.

लाईक मोजू नका. नवीन गिऱ्हाइकाला "आमचं कुठं कळलं?" विचारा आणि त्याच वहीत मागच्या पानावर लिहा, इन्स्टा, गुगल, ओळख. इन्स्टाग्रामच्या इन्साइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीत, बघायचंच असेल तर किती जणांनी पोस्ट सेव्ह केली आणि किती जणांनी पुढं पाठवली ते बघा, आहेराच्या चादरीची पोस्ट बायकोनं नवऱ्याला पाठवली म्हणजे घरात बोलणं सुरू झालं.

एक शेवटचं काम आजच करा. बऱ्याच दुकानांची पेजं भाच्यानं नाहीतर आधीच्या कुठल्या मुलानं काढून दिलेली असतात आणि पासवर्ड त्याच्याकडेच असतो. दुकानाचा नंबर आणि दुकानाचाच ईमेल लावून घ्या, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून बिलबुकांच्या कपाटात ठेवा.